बारा पट्ट्यांची परीक्षा

वाचक मैत्रिणींनो, लोणच्याला बुरशी येऊ नये म्हणून काय करावे, रेशमी साडीवरचा तेलाचा डाग कसा काढावा, हे वाचायला आपण हे पान उघडतो. आज मी सोयाबीनवरच्या कीटकनाशकाची गोष्ट घेऊन आले आहे म्हटल्यावर तुमच्यातली एखादी पान उलटायला निघेल. पण जरा थांबा. सकाळी ज्या तेलात फोडणी केलीत ते सोयाबीनचे असण्याचा संभव बराच आहे. आणि ही गोष्ट शेतातली असली, तरी तिचा निम्मा भाग स्वयंपाकघरातच घडला आहे.

आम्ही सांगलीला विश्रामबागेत राहतो. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवत असे, आता निवृत्त आहे. आमच्या ह्यांची नोकरीही इथलीच. कृष्णेपलीकडे, कसबे डिग्रजच्या पुढे, आमची चार एकर वडिलोपार्जित जमीन आहे. ती धाकटे दीर बघतात. मी त्यांना भाऊजी म्हणते. सासऱ्यांच्या वेळी तिथे भुईमूग आणि ज्वारी व्हायची, आता खरिपाला सोयाबीन आणि बाकी ऊस. वर्षाकाठी वाटणीचे धान्य आणि थोडे पैसे आमच्याकडे येतात. तेवढाच आमचा शेतीशी संबंध. निदान २०१७ पर्यंत तरी तेवढाच होता.

त्या वर्षीच्या ऑगस्टमधली गोष्ट. श्रावणातल्या एका दुपारी भाऊजींचा फोन आला होता. बोलता बोलता ते म्हणाले, "बाजूच्या रानात सगळ्यांनी औषध मारलं, वैनी. आपलं राहिलंय. अळी तशी फार दिसंना झालीय, बघू चार दिवस." मला शेतीतले काय कळत होते? पण सल्ला द्यायची मास्तरणीची खोड. मी म्हणाले, "भाऊजी, सगळ्यांनी मारलं तर आपलंच का राहावं? उगीच नुकसान नको. मारून टाका." एवढेच बोलले आणि गॅसवरचे दूध बघायला गेले.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी दुकानदाराने दिलेली दोन औषधे एकत्र करून पाठीवरच्या पंपाने फवारली. तोंडाला रुमाल नाही, हातात मोजे नाहीत, अंगात बनियन. वारा समोरून येत होता. तिसऱ्या पंपाला त्यांना गरगरायला लागले, तोंडातून लाळ सुटली, दरदरून घाम आला. बांधावर बसले ते उठेचनात. माझी जाऊ डोक्यावर पाण्याची घागर घेऊन येत होती, तिने ती तिथेच टाकली. पुतण्याने शेजाऱ्याची गाडी काढून त्यांना मिरजेला नेले. डॉक्टरांनी डोळ्यांवर बॅटरी मारून पाहिली, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. अशा विषबाधेत अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शने देतात, ती लगेच सुरू केली. पाच दिवसांनी भाऊजी घरी आले. बायाबापड्यांच्या नशिबाने वाचले म्हणायचे.

त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या बातम्या आल्या. कापसावर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडोंना दवाखान्यात ठेवावे लागले. आमचे हे पेपर वाचून दाखवत होते आणि मी भाजी निवडत होते. हात थांबले. 'मारून टाका' हे शब्द माझे होते. हे मी त्या वेळी कोणाला बोलले नाही.

मनात मात्र एक प्रश्न घर करून बसला. त्या दिवशी ती फवारणी लागणार होती का? अळी तर दिसत नव्हती. मग शेजाऱ्याने मारले म्हणून आपण मारायचे, हा कुठला हिशेब?

कसबे डिग्रजला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे, हे तुम्हाला ठाऊक असेल. सोयाबीनच्या वाणांना 'केडीएस' असा नंबर असतो ना, त्यातले 'केडी' म्हणजे आमचे कसबे डिग्रज. तांबेऱ्याला दाद न देणारे फुले संगम, म्हणजे केडीएस ७२६, तिथलेच. त्या उन्हाळ्यात मी ह्यांना घेऊन तिथे गेले. तिथल्या एका तरुण शास्त्रज्ञाने आम्हाला झाडाखाली बसवून तासभर समजावून सांगितले. कोणी मास्तरीण वही काढून लिहून घेते आहे याचेच त्यांना कौतुक वाटले असावे.

जे कळले ते तुम्हाला साध्या भाषेत सांगते. कीटकनाशके साधारण दोन तऱ्हेची. एक अंगावर पडले की किडीला मारणारे. त्याला स्पर्शजन्य म्हणतात. दुसरे आंतरप्रवाही. ते झाडाच्या मुळातून किंवा पानातून आत जाते, रसात मिसळते आणि झाडभर फिरते. मग जी कीड तो रस शोषील किंवा ते खोड कुरतडील, ती मरते. त्वचेवर लावायचा मलम आणि पोटात घ्यायची गोळी, एवढा फरक समजा.

आता आंतरप्रवाही औषध सोयाबीनला का लागते? कारण खोडमाशी. ही माशी चकचकीत काळी आणि जेमतेम दोन मिलिमीटरची. घरात आली तर तुम्हाला दिसणारही नाही. रोप कोवळे असतानाच ती पानावर अंडे घालते. त्यातून निघालेली अळी पानाच्या शिरेतून देठात आणि देठातून खोडात शिरते, आणि आतला गाभा खात खाली जाते. रोप लहान असेल तर मरते. मोठे असेल तर वरून हिरवेगार दिसते आणि आत लालसर नागमोडी बोगदा असतो. वरून औषध शिंपडून आतल्या अळीचे काय वाकडे होणार? दुसरा चक्रीभुंगा. त्याची मादी देठावर किंवा खोडावर दोन गोल चकत्या पाडते आणि त्यांच्या मधे अंडे घालते. चकतीच्या वरचा भाग सुकतो आणि अळी आत पोखरत जाते. अशा आतल्या चोरांसाठी आतूनच पहारा लागतो.

पूर्वी त्यासाठी पेरणीच्या वेळी मातीत थिमेट टाकत. आमच्या जाऊबाईंनी आणि रानातल्या बायकांनी कित्येक वर्षे ते हाताने टाकले, हाताला फार तर प्लॅस्टिकची पिशवी. थिमेट म्हणजे फोरेट, अत्यंत जहाल. सरकारने २०१८ साली काढलेल्या आदेशाने त्याचा वापर ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंद झाला, हे बरेच झाले. आता बियाण्यालाच औषध चोळायची शिफारस आहे. थायामेथोक्झाम ३० टक्के एफएस हे औषध, एक किलो बियाण्याला १० मिली. रोप उगवताना ते मुळावाटे उचलते आणि साधारण तीन ते चार आठवडे त्याचे रक्षण होते.

"मग झालंच की," मी म्हणाले, "सगळ्या बियाण्याला चोळू." ते हसून म्हणाले, "चोळा. पण तुमच्या रानात त्याचा उपयोग किती, हे बघायचं असेल तर थोडं न चोळता पेरा. नाहीतर पीक चांगलं आलं ते औषधानं की पावसानं, कसं कळणार?"

बोलणे पटले. तसाच निरोप भाऊजींना दिला, तर ते उखडलेच. "वैनी, असलं कुठं असतंय व्हय? दोन पोरांतल्या एकाला जेवू घालायचं आन् दुसऱ्याला उपाशी ठेवून बघायचं, कोण वाळतंय ते?" चूक नव्हते त्यांचे. शेतावर पोट असणाऱ्याला मुद्दाम नुकसान सोसायला सांगणे सोपे नाही. शेवटी चार एकरांपैकी २४ गुंठ्यांवर तडजोड झाली आणि नुकसान आले तर ते आमच्या वाटणीतून वळते करायचे ठरले. ह्यांनी मान डोलावली.

२४ गुंठ्यांचे दोन-दोन गुंठ्यांचे बारा पट्टे पाडले. चार पद्धती, आणि प्रत्येकीला तीन पट्टे. पहिलीत काहीच करायचे नाही. दुसरीत फक्त बियाण्याला औषध. तिसरीत बियाण्याला औषध, आणि पुढे अळ्या मोजून, लागलीच तर फवारणी. चौथी आमची जुनी पद्धत, म्हणजे बियाण्याला काही नाही, पण पंचविसाव्या, चाळिसाव्या आणि पंचावन्नाव्या दिवशी डोळे मिटून फवारणी. या वेळी पुतण्या पूर्ण कपडे, मोजे, चष्मा आणि मास्क घालून फवारणार, वाऱ्याकडे पाठ करून, ही माझी अट.

आता कुठल्या पट्ट्यात काय करायचे? भाऊजी म्हणाले, "विहिरीकडची जमीन चांगलीय, तिकडं औषधवालं घालू." इथेच तर सगळे फसते! चांगल्या जमिनीत औषध घातले तर जिंकले कोण, जमीन की औषध? मी म्हटले, आपण भिशी लावतो तेव्हा नंबर कसा काढतो? चिठ्ठ्या टाकून. इथेही तसेच. जाऊबाईंच्या चहाच्या डब्यात बारा चिठ्ठ्या टाकल्या आणि लहान नातीने एकेक काढली.

तुम्हाला ही पोरखेळासारखी गोष्ट वाटेल. पण विलायतेतल्या रोनाल्ड फिशर नावाच्या शास्त्रज्ञाने शेतीच्या प्रयोगांत हीच रीत घालून दिली. त्यांच्या १९३५ सालच्या पुस्तकात एका बाईंची गंमत आहे. त्या म्हणत, कपात दूध आधी घातले की चहा आधी, हे मी चवीवरून ओळखते. तर आठ कप, चार असे आणि चार तसे, क्रम न ठरवता पुढे ठेवायचे आणि ओळखायला सांगायचे! पाहा, शास्त्राची परीक्षाही चहाच्या कपात घेता येते. आणि पिकाचा अंदाज काढायला चिठ्ठीने निवडलेल्या छोट्या तुकड्यांची कापणी करून मोजायची, या पद्धतीचा आपल्या देशात पाया घालणाऱ्यांत डॉ. पां. वा. सुखात्मे होते. जन्म १९११ चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. म्हणजे आपल्या शेजारचेच की.

बियाण्याला औषध लावायचा दिवस मी विसरणार नाही. दोन गुंठ्याला दीड किलो बियाणे, म्हणजे १५ मिली औषध. मापायला भाऊजींनी काय आणावे? नातीच्या खोकल्याच्या औषधाचे प्लॅस्टिकचे टोपण! "त्यावर खुणा हायत, बरोबर माप येतंय," म्हणाले. काम झाल्यावर ते धुऊन पुन्हा बाटलीला लावायचे. मैत्रिणींनो, माझे पाय लटपटले. "या आधी कधी घेतलं होतं का हे?" मी विचारले. जाऊबाई खाली मान घालून म्हणाली, "आक्का, दरसाली तेच घेतोय." घरात कोणाला काही झाले नाही हे केवळ दैव. मी ते टोपण फोडून टाकले आणि दुकानातून वेगळे माप आणले. त्यावर लाल रंगाने फुली मारली आणि गोठ्याच्या वरच्या फळीवर ठेवले. त्याच दिवशी बियाणे कालवायची परातही स्वयंपाकघरातून कायमची बाहेर गेली.

पेरणी जूनच्या शेवटच्या आठवड्यात झाली. बरोबर अठ्ठावीस दिवसांनी मी एसटीने गेले. प्रत्येक पट्ट्यातून दहा रोपे, चालता चालता न निवडता उपटायची, अशी एकशेवीस. मी आणि जाऊबाई ओट्यावर बसलो. ती विळी घेऊन आली, मी तिला परत पाठवले. "विळी नको, जुनं ब्लेड आण आणि हातात मोजे घाल." एकेक खोड उभे चिरायचे आणि आत बघायचे. वरून सगळी रोपे सारखीच टवटवीत. पण चिरल्यावर जाऊबाईच्या तोंडून "आई गं" निघाले. हिरव्यागार खोडात लाल रेघ आणि टोकाला बारीक पिवळट अळी.

मोजणी अशी आली. काहीच न केलेल्या ३० रोपांत १३ पोखरलेली. बियाण्याला औषध लावलेल्या दोन्ही पद्धतींची मिळून ६० रोपे, त्यांत ८ पोखरलेली. आणि जुन्या पद्धतीची, जिथे तीनच दिवसांपूर्वी फवारणी झाली होती, तिथे ३० त ११. भाऊजी ब्लेड घेऊन स्वतः चिरायला बसले. पाच-सात रोपे चिरली आणि गप्प झाले. पंचविसाव्या दिवशी औषध मारून काय उपयोग? चोर त्या आधीच घरात शिरला होता.

पुढे दर सोमवारी पुतण्या एक मीटर ओळीखाली कापड अंथरून झाडे हलवायचा आणि खाली पडलेल्या अळ्या मोजायचा. तंबाखूची पाने खाणारी जी अळी सोयाबीनवरही येते, तिच्या लहान अळ्या मीटरभर ओळीत तीन-चार झाल्या तरच फवारणी परवडते. त्याला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. २०१८ साली ती पातळी आलीच नाही. तिसऱ्या पद्धतीच्या पट्ट्यांवर एकही फवारणी लागली नाही.

काढणी झाली. बारा पट्ट्यांचे बारा ढीग वेगळे मळले, वेगळे तोलले. दोन गुंठ्यांची सरासरी अशी आली: काहीच न केलेले ३८ किलो, फक्त बियाण्याला औषध ४३, बियाण्याला औषध आणि मोजणी ४४, जुनी पद्धत ४२.

आता गणिताच्या बाईंची एक शिकवणी ऐका. दुसऱ्या आणि तिसऱ्या पद्धतीत त्या वर्षी काय फरक होता? काहीच नाही! फवारणी लागलीच नाही, म्हणजे दोन्हींत एकच गोष्ट केली होती. तरी एक किलोचा फरक पडला. म्हणजे एवढा-तेवढा फरक नुसत्या जमिनीमुळेच पडतो. मग जुन्या पद्धतीचे ४२ आणि बियाण्याचे ४३ यांतल्या एका किलोवरून 'हे जिंकले, ते हरले' म्हणता येणार नाही. पण एका बाजूला तीन फवारण्यांचे औषध, मजुरी आणि अंगावर घेतलेले विष, आणि दुसऱ्या बाजूला दीड किलोला १५ मिली. पीक मात्र तेवढेच. हा हिशेब कोणालाही कळेल.

भाऊजी मात्र म्हणाले, "एका सालात काय कळतंय, वैनी?" आणि मी मनापासून म्हटले, "अगदी बरोबर."

२०१९ साली पुन्हा बारा पट्टे पेरले. ऑगस्टमध्ये काय झाले ते आम्हा सांगलीकरांना सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. भाऊजींचे अख्खे कुटुंब, दोन म्हशींना उंचावरच्या पाहुण्यांकडे सोडून, विश्रामबागेला आमच्या तीन खोल्यांत आले. बारा पट्टे, चार पद्धती, सगळे एका रंगाच्या पाण्याखाली. रात्री माणसे झोपल्यावर मी आणि जाऊबाई ओट्याशी भांडी घासत होतो. त्या वेळी मी तिला सांगितले की २०१७ साली 'मारून टाका' असे भाऊजींना फोनवर मीच म्हणाले होते. ती बराच वेळ पातेले घासत राहिली. मग म्हणाली, "आक्का, मला ठावं हाय. ते म्हणालते मला दवाखान्यात. पण तुम्ही रानात येऊन खोडं चिरायला लागलासा, तवाच मी ते सोडून दिलं." मैत्रिणींनो, इतकी वर्षे मी एकटीच ते ओझे वाहत होते!

२०२० साली तिसऱ्यांदा पेरले. टाळेबंदीत मला जाता आले नाही, पण पुतण्या फोनवरून आकडे सांगायचा आणि मी वहीत उतरवून घ्यायची. या वर्षी वेगळेच घडले. ऑगस्टअखेर आठ-दहा दिवस ढगाळ हवा राहिली आणि पाने खाणारी अळी आली. मीटरला सहा-सात. बियाण्याचे औषध तर केव्हाच संपले होते, कारण त्याची ताकद तीन-चार आठवड्यांची. तिसऱ्या पद्धतीच्या पट्ट्यांवर क्लोरॅंट्रानिलिप्रोलची एकच फवारणी, दहा लिटर पाण्याला ३ मिली, अशी वेळेवर झाली. जुन्या पद्धतीची तिसरी फवारणी तारखेप्रमाणे आधीच उरकली होती. अळीला तारखा कुठे माहीत असतात? सरासरी अशी आली: काहीच न केलेले ३१ किलो, फक्त बियाण्याला औषध ३५, बियाण्याला औषध आणि मोजून एक फवारणी ४२, जुन्या पद्धतीने तीन फवारण्या करून ३९.

म्हणजे २०१८ साली थांबलो असतो तर मी तुम्हाला सांगितले असते, 'बियाण्याला औषध चोळा आणि निवांत झोपा.' ते खोटे ठरले असते. आंतरप्रवाही औषध कामाचे आहे, पण त्याच्या मुदतीपुरते. पुढचे काम डोळ्यांनी आणि मोजणीनेच होते.

परदेशातल्या गोष्टीही वाचण्यात आल्या. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१४ साली सांगितले की सोयाबीनच्या बियाण्याला याच गटातली औषधे लावून तिथल्या शेतकऱ्याला बहुतेक ठिकाणी काही विशेष फायदा होत नाही. वाचून मी गोंधळले. मग लक्षात आले, त्यांच्याकडचा सोयाबीनचा मावा पीक मोठे झाल्यावर येतो, तोवर औषध संपलेले असते. आपली खोडमाशी येते पहिल्याच आठवड्यांत. औषध तेच, पण कीड वेगळी आणि वेळ वेगळी. म्हणून दुसऱ्याच्या घरचा निष्कर्ष उसना आणून चालत नाही. मात्र युरोपने २०१८ साली मधमाश्यांना धोका म्हणून अशा तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला, त्यात आपले थायामेथोक्झामही आहे. ही गोष्ट विसरायची नाही. म्हणून ते लागेल तेवढेच, बियाण्यालाच, आणि फुलोऱ्यात त्याची फवारणी करायची नाही, असे आम्ही ठरवले आहे.

तुमचे शेत असेल, माहेरी किंवा सासरी कोणाचे असेल, तर एवढ्या गोष्टी सांगून ठेवा.

बियाण्याला आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि पेरणीच्या तोंडावर जिवाणू खत, हा क्रम. सोयाबीनची साल पातळ असते, जोराने चोळू नये. सावलीत सुकवावे.

औषध लावलेले बियाणे रंगाने लाल दिसते. उरले तर ते ना माणसाने खायचे, ना कोंबडीला घालायचे, ना तेलाला द्यायचे. खोल पुरून टाकावे.

माप, परात, बादली वेगळी ठेवावी, तिच्यावर खूण करावी. घरातले चमचे, औषधाची टोपणे, पाण्याच्या बाटल्या यांना तिथे हात लावू देऊ नये.

डब्यावरचा रंगीत त्रिकोण बघायला शिका. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखाली पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. ही ओळख वाचता न येणाऱ्या बाईलाही करून देता येते.

फवारणीहून आलेले कपडे घरच्या कपड्यांत भिजवू नयेत. आणि गरगरणे, घाम, लाळ, अंधारी असे काही झाले तर आधी अंगावरचे कपडे काढून साबणाने अंग धुवावे, आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन ताबडतोब दवाखाना गाठावा. डबा बघितला की डॉक्टरांचा वेळ वाचतो.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. तरी आमची वही चालू आहे. आता सगळ्या बियाण्याला औषध लागते, दर सोमवारी अळ्या मोजल्या जातात आणि पातळी ओलांडली तरच पंप निघतो. तरीसुद्धा भाऊजी दर वर्षी दोन गुंठे मुद्दाम न चोळता पेरतात. त्याला ते 'वैनींचा पट्टा' म्हणतात. गेल्या खेपेला मी गेले तेव्हा शेजारचा एक तरुण बांधावर उभा राहून त्यांना विचारत होता, "काका, सगळ्यांनी मारलंय, तुमचं राहिलंय व्हय?"

भाऊजी कापड झटकत म्हणाले, "मीटरला दोनच हायत रं. बघू सोमवारी."